अहवालाआधी रफ वही मागा: नागपुरातील प्रकल्प-मार्गदर्शकांना आणि परीक्षकांना खुले पत्र

प्रति,
नागपूर व परिसरातील महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र विभागांतील प्रकल्प-मार्गदर्शक व परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

बहिःस्थ परीक्षक म्हणून विद्यार्थ्यांचे क्षेत्रीय प्रकल्प-अहवाल वाचण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे आहे, आणि त्याच्या जोडीला शहरातील तलावांच्या जुन्या नोंदी गोळा करण्याचा नाद मला आहे. या दोन गोष्टी एकमेकींना जेथे भिडतात तेथून हे पत्र निघाले आहे. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सेमिनरी हिल्स आणि नाग नदी यांच्या काठी दरवर्षी न चुकता जाऊन काही मोजणारी, टिपणारी माणसे म्हणजे मुख्यतः आपले विद्यार्थी. तरीही पंधरा वर्षांपूर्वी अंबाझरीच्या अमुक काठाला कोणत्या पाणवनस्पती होत्या, फुटाळ्यावर हिवाळ्यात अडई बदके किती उतरत होती, असा साधा प्रश्न घेऊन या अहवालांच्या गठ्ठ्यांकडे गेले, तर हाती जवळजवळ काही लागत नाही. बहुतेक विद्यार्थी तेथे गेलेले असतात, पाहून आलेले असतात; पण त्यांनी पाहिलेले अहवालापर्यंत पोचत नाही, आणि त्याला अहवाल लिहून घेण्याची आपली पद्धत कारणीभूत आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेहमीच्या अहवालाचे ‘अभ्यासक्षेत्र’ हे प्रकरण घ्या. त्यात गोंड राजा बख्त बुलंद शाह याने शहर वसवल्यापासून झिरो माईलचा दगड, संत्री, दीक्षाभूमी आणि उन्हाळ्याचे तापमान येथपर्यंत सगळे येते आणि तीन-चार पाने सहज भरतात. मग एक ओळ येते, की तलावावरील तीन ठिकाणांहून पाण्याचे नमुने घेतले, आणि त्या ठिकाणांची नावे एस-१, एस-२, एस-३. धरणाच्या भिंतीलगत, बागेच्या बाजूला की नाल्याच्या तोंडाशी, याचा पत्ता नाही. अक्षांश-रेखांश असतात, पण ते इंटरनेटवरून उतरवलेले शहराचे असतात. नकाशावर लावून पाहिले तर तिन्ही ठिकाणे एकमेकांवर बसतात आणि शहराच्या मध्यवस्तीत पडतात, जेथे पाण्याचा थेंब नाही. वास्तविक प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशात आता मोबाईल आहे आणि दशांशचिन्हानंतरचे चार अंक लिहिले तरी ठिकाण सुमारे ११ मीटरपर्यंत नेमके सांगता येते. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्याच दगडावर उभे राहता यावे, एवढ्यासाठी ते पुरेसे आहे.

पाण्याच्या तपासणीत ही उणीव सर्वांत महाग पडते, म्हणून तिच्याकडे थोडे सविस्तर पाहू. विरघळलेला प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ सालची आहे आणि आपल्याकडे प्रत्येक प्रयोगशाळेत ती शिकवली जाते. बाटली पाण्याखाली धरून एकही बुडबुडा न राहू देता भरायची आणि मँगॅनीज सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड ही द्रावणे तेथेच, काठावर उभे राहून, तिच्यात सोडायची. प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर साका पांढराच राहतो. पुढचे आम्ल घालणे आणि थायोसल्फेटचे अनुमापन (टायट्रेशन) महाविद्यालयात येऊन केले तरी चालते. पहिली पायरी मात्र काठावरच व्हावी लागते, कारण एकदा बाटली भरली की आतले शेवाळ आणि जिवाणू आपला कारभार थांबवत नाहीत. मी वाचलेल्या अहवालांपैकी फार थोड्यांत ही द्रावणे कोठे आणि किती वाजता घातली, याची नोंद आढळते. पाणी घरच्या बिसलेरीच्या बाटलीतून आणले असेल आणि अनुमापन दुसऱ्या दिवशी झाले असेल, तर तक्त्यातला आकडा कितीही देखणा असला तरी तो तलावाचा नसतो.

वेळेचे तर त्याहून महत्त्व. हिरवे शेवाळ माजलेल्या शहरी तलावात रात्रभर सर्व जीव प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन चढले की प्रकाशसंश्लेषणाने वाढत जातो आणि दुपारी पाणी त्याने अतिसंपृक्तही होऊ शकते. पाण्याचे तापमान ३० अंश असताना संपृक्ततेची पातळी, म्हणजे हवेतून पाण्यात मावणाऱ्या प्राणवायूची मर्यादा, लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम असते. अहवालात ‘फेब्रुवारी: ११.२’ असा आकडा दिसला, तर ती भर दुपारची खरी नोंद असेल किंवा अनुमापनातली चूक असेल. यांतले काय खरे, हे ठरवण्यासाठी मला फक्त घड्याळातली वेळ आणि पाण्याचे तापमान हवे असते. वेळ बहुधा लिहिलेली नसते. तापमान असते, पण तिन्ही ठिकाणी तंतोतंत सारखे. आणि या तीन महिन्यांच्या, वेळ नसलेल्या आकड्यांवरून शेवटच्या प्रकरणात तलाव ‘अतिप्रदूषित’ असल्याचा निकाल दिला जातो. तलाव प्रदूषित असेलही; तो निष्कर्ष त्या तक्त्यातून निघत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

पक्षी, फुलपाखरे आणि वनस्पती यांच्या प्रकल्पांत वेळेच्या जागी श्रमाची नोंद येते. एका विद्यार्थ्याने तीन तास फिरून चोवीस जाती पाहिल्या आणि पाच जणांच्या गटाने अर्ध्या तासात तेवढ्याच पाहिल्या, तर त्या दोन चोविसांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. किती वेळ, किती अंतर, किती डोळे, हे लिहिले नाही तर यादी वाचायला बरी असते आणि तुलनेला निकामी. फुलपाखरांसाठी १९७७ पासून प्रचलित असलेली पोलार्ड पद्धत सांगते, की ठरलेल्या वाटेवरून सावकाश एकसारख्या चालीने जावे आणि भोवतालच्या पाच मीटरच्या काल्पनिक चौकटीत येईल तेवढेच मोजावे. सेमिनरी हिल्सवरच्या प्रकल्पांत या पद्धतीचे नाव घेतलेले असते, पण वाट रायमुनियाच्या झुडपांच्या कडेने होती की आतल्या सावलीतून, हे सांगितलेले नसते. रायमुनिया फुलावर असताना तिच्याभोवती फुलपाखरांची जत्रा भरते, हे आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. तेव्हा ती नोंद नसलेली संख्या टेकडीची आहे की एका झुडपाची, हे वाचणाऱ्याने ताडायचे कसे? (एप्रिलमध्ये दुपारी बारा वाजता केलेल्या गणनेबद्दल मी येथे बोलत नाही. त्या वेळी नागपुरात फुलपाखरू बाहेर पडत नाही आणि परीक्षकानेही पडू नये.)

शून्याची गोष्ट तर आपण शिकवतच नाही. गेलो, दोन तास बसलो, ज्यासाठी गेलो होतो ते दिसले नाही, ही पूर्ण आणि मोलाची नोंद आहे. विद्यार्थी ती गाळतो, कारण रिकामा रकाना पाहून व्हायव्हाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या वेळी कोणी तरी भुवया उंचावेल अशी धास्ती त्याच्या मनात असते. आणि मग रकाना भरतो. कशाने भरतो, हे आपल्याला ठाऊक आहे.

खोट्या नोंदीचे काय होते, याचे उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे आणि प्रत्येक प्रकल्प-विद्यार्थ्याला ते सांगावे असे मला वाटते. रानपिंगळा या लहान घुबडाचे शास्त्रीय वर्णन पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी १८७३ मध्ये केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे नमुने घेतले आणि त्यानंतर हा पक्षी कोणालाच दिसेना. फक्त रिचर्ड माइनर्टझागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, ज्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि गुजरातमधले मांडवी हे ठिकाण होते. पुढे पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तपासून दाखवले, की तो नमुना डेव्हिडसन यांचाच होता. संग्रहालयातून चोरलेला, पुन्हा भरलेला आणि खोट्या चिठ्ठीचा. त्या चिठ्ठीवर विसंबून शोध घेणारे चुकीच्या ठिकाणी हिंडत राहिले होते. रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांवर लक्ष दिले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. पुढे तो आपल्या मेळघाटातही नोंदवला गेला. एका चिठ्ठीवरच्या दोन ओळींचा, म्हणजे ठिकाण आणि तारखेचा, हा हिशेब आहे.

याच्या उलट उदाहरण आपल्या शहरातले. अजब बंगल्याचे, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाचे, क्युरेटर असलेल्या ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये छापली. या भागातल्या पक्ष्यांवर काम करणाऱ्याला आजही तिचा आधार घ्यावा लागतो. नव्वद वर्षांनी कोणी आपल्या विद्यार्थ्याचा अहवाल असा उघडेल का, हा प्रश्न भाबडा वाटेल. पण मी नव्वद नव्हे, तीनच वर्षांचे उदाहरण देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. त्या पुराने तलावातल्या आणि नदीतल्या जीवसृष्टीत काय फरक पडला, हा विद्यार्थी-प्रकल्पासाठी उत्तम विषय आहे. त्यासाठी पुराआधीच्या नोंदी हव्यात, त्याच जागेच्या, त्याच पद्धतीच्या. त्या नोंदी असतील तर आपल्याच विभागांच्या कपाटांत असल्या पाहिजेत. कपाटांत अहवाल आहेत, आणि त्यांत एस-१, एस-२, एस-३ आहेत.

आकडेमोडीबद्दल एकच सांगून पुढे जातो. जातींची विविधता एका आकड्यात सांगणारा शॅनन निर्देशांक काढताना कोणता लॉगॅरिदम वापरला, हे लिहिलेले नसेल तर निर्देशांक न काढलेला बरा. समसमान संख्येच्या दहा जाती असतील, तर नैसर्गिक लॉगने उत्तर २.३० येते, दहाच्या पायाने १.०० आणि दोनच्या पायाने ३.३२. एका अहवालातला २.३० दुसऱ्यातल्या १.०० शेजारी ठेवून ‘या तलावात विविधता दुपटीहून अधिक’ असे वाक्य मी वाचले आहे. मूळ मोजणीचा तक्ता मागे जोडलेला असता, तर हा घोळ कोणालाही पाच मिनिटांत निस्तरता आला असता.

आता मूळ दुखण्याकडे येतो. आपण गुण कशाला देतो? जाडीला, प्रस्तावनेला, पूर्वसंशोधनाच्या आढाव्याला, रंगीत छायाचित्रांना आणि काळ्या रेक्झिनवर सोनेरी अक्षरे उमटवलेल्या बाइंडिंगला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्य-प्रतिबंधक विनियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानून सोडून दिलेले आहे. हा नियम चांगल्या हेतूने आला, पण त्याचा आपल्याकडे झालेला परिणाम असा, की विद्यार्थी मागच्या वर्षीची प्रस्तावना घेऊन तिचे शब्द बदलत बसतो आणि टक्केवारी उतरली की सुटकेचा निःश्वास टाकतो. त्या टक्केवारीला तक्त्यातले आकडे खरे की रचलेले, हे कळत नाही. ते तिचे कामही नाही. त्यात आता चॅटजीपीटीसारखी साधने आली आहेत. हवी तशी प्रस्तावना ती दोन मिनिटांत लिहून देतात आणि अधूनमधून अस्तित्वातच नसलेले संदर्भही बेमालूम घालून देतात. ज्या प्रकरणांना आता काही मोल द्यावे लागत नाही, त्यांनाच आपण सर्वाधिक गुण का द्यावेत?

म्हणून माझी पहिली विनंती परीक्षकांना आहे. व्हायव्हाला बसताना अहवाल उघडण्यापूर्वी विद्यार्थ्याची शेतात, तलावावर, जंगलात नेलेली वही मागा. फेअर करून आणलेली नको; रफ वही हवी, जिच्यात पेन्सिलीने लिहिलेले असते, पावसाने पुसटलेले असते, ‘तरोटा’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलेले असते आणि ते खोडून शास्त्रीय नाव नंतर वेगळ्या शाईने घातलेले असते. अशी वही मराठीत असली, वऱ्हाडी बोलीत असली, तरी काही बिघडत नाही. शास्त्रीय नावे बदलत राहतात, काल आयकॉर्निया म्हणून शिकवलेली जलपर्णी आज पाँटेडेरियात गेली आहे, पण तारीख, जागा आणि छायाचित्राचा किंवा हर्बेरियमचा, म्हणजे वाळवून जपलेल्या वनस्पती-नमुन्याचा, क्रमांक बदलत नाही. वही खोटी रचता येईल, असा आक्षेप मला ठाऊक आहे. येईलही. पण एक गोड प्रस्तावना रचण्यापेक्षा तीन महिन्यांची वही रचणे कितीतरी कष्टाचे आहे आणि ‘या पानावर ढग लिहिले आहेत, त्या दिवशी गणना अर्धवट सोडलीत का?’ एवढा प्रश्न विचारला की रचलेली वही बोलायची थांबते.

दुसरी विनंती मार्गदर्शकांना. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या विद्यार्थ्याला क्षेत्रीय प्रकल्पासाठी स्वतंत्र श्रेयांक आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास धरले, तर दोन श्रेयांकांचा प्रकल्प ६० तासांत बसवायचा असतो, आणि लिहिणेही त्यातच आले. ६० तासांत ‘नागपूर जिल्ह्याची जैवविविधता’ होत नाही. ‘फुटाळ्याच्या भिंतीवरून सकाळी सात ते आठ दिसणारे पाणपक्षी, जानेवारी ते मार्च’ होते, आणि उत्तम होते. शीर्षक लहान केले की पद्धत आपोआप नेमकी होते, आणि तेच शीर्षक पुढच्या वर्षी दुसऱ्या विद्यार्थ्याला देता येते. ‘हा विषय मागच्या वर्षी झाला आहे’ म्हणून नवा विषय शोधायला लावण्याची जी रीत आपल्या विभागांत रुजली आहे, तिने माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान केले आहे. झालेला विषय त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा करणे, हेच तर आपल्याकडे कोणी करत नाही.

अहवालाच्या सुरुवातीला, प्रस्तावनेच्याही आधी, एक पान असावे: कोणी, कोठे, कोणकोणत्या तारखांना, किती वाजता, किती वेळ, कशाने मोजले आणि कोणत्या फेऱ्या वाया गेल्या. शेवटी मूळ नोंदींचा पूर्ण तक्ता असावा, सरासरी काढण्याआधीचा. तोच तक्ता एक्सेलच्या फाइलमध्ये विभागाच्या संगणकावर राहावा, कारण बाइंडिंग केलेल्या प्रती काही वर्षांनी रद्दीत जातात. ते थांबवण्याची सत्ता आपल्यापैकी कोणाकडेच नसते. पक्ष्यांच्या याद्या ई-बर्डवर आणि छायाचित्रे आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर चढवल्या तर आणखी चांगले. येथे एक पथ्य पाळावे लागते. दुर्मिळ पक्ष्याचे घरटे, घुबडाची ढोली, ऑर्किडची जागा यांचे नेमके अक्षांश-रेखांश छापील अहवालात किंवा संकेतस्थळावर उघड करू नयेत. ते वहीत नेमके आणि बाहेर ढोबळ असावेत. तसेच उमरेड-कऱ्हांडला किंवा पेंचसारख्या संरक्षित क्षेत्रात काम असेल, अथवा कोठेही प्राण्याचा नमुना घ्यायचा असेल, तर वनविभागाच्या परवानगीची प्रत अहवालात हवीच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा विद्यार्थी आणि व्यावसायिक असा भेद करत नाही आणि ‘सरांनी पकडायला सांगितले’ हे उत्तर त्याच्यापुढे टिकत नाही.

एका मार्गदर्शकाकडे विद्यार्थ्यांची रांग असते, शिवाय तासिका, मूल्यांकनाची कागदपत्रे, नॅकच्या फाइली. वह्या कोण वाचणार, असे आपण म्हणाल. ती अडचण खरी आहे. पण प्रस्तावना आणि पूर्वसंशोधनाचा आढावा मिळून चार पानांची मर्यादा घातली, तर वाचण्याचा जो वेळ वाचेल तो वह्यांना पुरेल. प्रकल्पाच्या एकूण गुणांपैकी किमान एक तृतीयांश रफ वही आणि मूळ तक्त्याला द्यावेत आणि हे विषय वाटतानाच विद्यार्थ्यांना सांगावे. शेवटच्या महिन्यात सांगितले, तर वह्या शेवटच्या महिन्यातच लिहिल्या जातील.

नव्या सत्राचे प्रकल्प-विषय ठरवण्यासाठी विभागात बैठक होते, तेव्हा हे मांडावे, अशी माझी विनंती आहे. सगळ्याच प्रकल्पांना एकदम लावणे जड वाटत असेल, तर पहिल्या वर्षी फक्त तलावांवरचे प्रकल्प घ्यावेत. ज्या विभागांना ते जमेल त्यांच्या मूळ तक्त्यांची जुळवणी करून, ठिकाणे नकाशावर लावून आणि शंकास्पद नोंदी रफ वह्यांशी ताडून द्यायला मी तयार आहे. त्यासाठी मानधन नको, फक्त वह्या रद्दीत जाण्यापूर्वी मिळाव्यात.

आपला नम्र,
एक बहिःस्थ परीक्षक
नागपूर